वायू नव्हती

पहिल्याच तासाला भारंबे सरांनी
फळ्यावर लिहिलं :
तुम्हाला काय ठाऊक नाही, ते आधी नेमकं सांगा.
बाहेर जळगावचा एप्रिल,
पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता
आणि आम्ही अकरा जण गप्प.
आजवर आम्हाला गुण मिळाले होते
ते ठाऊक असलेलं लिहिण्याचे.

मी लिहिलं : बांधकाम उशिरा का संपतं?
सर म्हणाले, हे तर घरमालकही विचारतो.
लहान कर.
केला.
अजून लहान.
मग मे महिनाभर मी चाळणी उभी करून
प्रश्न चाळत राहिले,
खडे एकीकडे, कचरा एकीकडे,
शेवटी उरल्या पिंप्राळ्यापुढच्या सहा इमारती
आणि दोन स्लॅबांच्या मधले
रिकामे दिवस.

प्रश्नावलीला पाच खाने होते,
पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.
इंजिनिअर मंडळींनी चहा येईस्तोवर भरून दिली,
सगळ्या खुणा एकाखाली एक,
ओळंबा सोडल्यासारख्या.
सेंट्रिंगवाल्या रुमशा पावराला मी एकेक वाचून दाखवलं.
त्याने विचारलं, यातलं बरोबर कोणतं?
म्हटलं, बरोबर-चूक काही नाही.
तो हसला आणि फळी उचलून निघून गेला.

तेव्हा सर म्हणाले, कागद ठेव. ऐकायला जा.

दगा सपकाळे मुकादम बोलले
सिमेंटच्या गोण्यांवर बसून,
मिक्सर बंद पडला तेवढ्या वेळात, चोवीस मिनिटं.
मी जसं ऐकलं तसं उतरवलं,
शब्द सुधारायचा नाही, असा नियम होता :
"आठ दिस बसून व्हतो ताई. वायू नव्हती."

दोघींनी वेगवेगळं सांकेतन करायचं,
मग जुळवून पाहायचं.
माझी जोडीदार मृण्मयी, पुण्याची,
नीटनेटकी, प्रत्येक कारणाला वेगळ्या रंगाचं पेन.
जुळलं शंभरात एकसष्ट.
सर काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढला.
आम्ही ओळीवर बोट ठेवत बसलो संध्याकाळपर्यंत,
आणि सापडलं :
जिथे जिथे दगाभाऊंची वायू होती
तिथे तिथे तिने निळ्या पेनाने
हवामान लिहिलं होतं.
एकदा समासात, बारीक अक्षरात :
वारा नसल्याने काम थांबते? क्रेन? तपासणे.

मला हसू यायला हवं होतं.
आमच्या जिभेवर ळ टिकत नाही, मी म्हटलं,
केळी केयी होते, जळगावचं जयगाव,
आणि गिरणेची वाळू
ट्रकमधून उतरेपर्यंत वायू.
मृण्मयी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
पण नव्हती लिहिलंय गं.
वारा असता तर नव्हता असतं.

साधी व्याकरणाची साक्ष.
अकरा वेळा दिली होती त्या माणसाने.

तक्त्यात हवामान दुसऱ्यावरून सहाव्यावर गेलं.
मर्यादांच्या प्रकरणात
नमुन्याचा आकार, वेळेची कमतरता, हे सगळे लिहितात ते लिहिलं,
आणि एक ओळ आमच्या कानांबद्दल.
सरांनी तेवढ्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली,
बरी की वाईट, ते कळलं नाही.

जूनमध्ये परत गेले साइटवर.
उत्तर देणाऱ्याला त्याचंच उत्तर दाखवून यावं,
असं पुस्तकात आहे.
दगाभाऊंनी आलेखाचा कागद आडवा धरला, उभा धरला,
सर्वांत उंच खांबाला बोट लावलं.
"ही आपली वायू?"
हो.
"आठ दिस लिव्हलेय का?"
हो, तुम्हीच सांगितलेले.
"मंग नऊ करा.
एक दिस आली व्हती गाडी,
पावती बी फाटली.
पन ती वायू नव्हती ताई,
माती व्हती."

पुरवठ्याच्या नोंदवहीत त्या तारखेला
माझ्याच हिरव्या पेनाने
बरोबरची खूण होती.

मी गोणीवर बसले.
मिक्सर चालू होता, ऐकू कमी येत होतं.
म्हटलं, दगाभाऊ,
परत सांगा. पहिल्यापासून.