स्लाईड क्रमांक सदतीस

आल्तिनोच्या टेकडीवर दुपारी दोन वाजता
आमच्या वर्गाच्या खिडक्यांना काळे पडदे लागतात.
बाहेर ऊन, कावळे. आत प्रोजेक्टरचा पंखा,
आणि लुर्दिना मिसच्या हातातली पट्टी
कुठल्यातरी देवदूताच्या कोपरावर टेकलेली.
'बघा,' त्या म्हणतात. 'आधी नुसतं बघा. अर्थ नंतर.'

पहिल्या वर्षी मला ते जमलं नाही,
मी अर्थ आधी लिहून घ्यायचे.
घरून निघताना आत्याने विचारलं होतं,
'चित्रां काडूंक शिकता?'
'चित्रांचा इतिहास गे.'
'म्हणजे काडून जाल्लीं?'
'हय.'
'मागीर तातूंत शिकपाक किदें उरलें?'
तेवढ्यात पणजीची बस आली, ते बरं झालं.

तेव्हापासून खूप काही पाहिलं.
वेदीवरच्या सोनेरी द्राक्षांच्या घोसात
कुणीतरी हळूच कोरलेलं काजूचं बोंड.
हस्तिदंती बाळ येशू, त्याचे डोळे
आमच्या गावच्या देवासारखे लांबट.
कुशावतीच्या काठी कातळात गोल गोल फिरणारी वाट,
जिच्यात बोट घातलं की बाहेर काढवत नाही.
प्रत्येकाखाली तेच: कलाकार अज्ञात.
परीक्षेत त्याचा अर्धा गुण मिळतो.

काल सदतिसावी आली.
पांढऱ्या चुन्यावर तांबडी काव,
ओली असतानाच खरवडून पांढरं वर काढलेलं:
कमळं, दोन मोर, घोड्यावरचा टोपीवाला,
आणि घोड्याचा एक पाय जरा जास्तच लांब.

तो पाय मला ओळखीचा होता.

'फोटो एक्क्याण्णवचा,' मिस म्हणाल्या.
'भिंत आता नाही. कुणीतरी टाइल्स बसवल्या.'
गुलाबी. फुलांची नक्षी. मला माहीत आहे.
मी सहा वर्षांची होते,
त्या कुणीतरीचा डबा घेऊन रोज देवळात जायचे.
वहीत लिहिलं: भिंत पाडण्यात आली.
इतिहासातली क्रियापदं अशीच असतात,
कर्त्याला बाहेर चपलांपाशी उभं करून आत येतात.

शनिवारी घरी गेले. बाबा पाय धूत होता.
मोबाईल पुढे धरला. त्याने घोडा पाहिलाच नाही,
आधी चुना पाहिला.
'तीन दीस लागले काडूंक. दोन छिन्न्यो मोडल्यो.'
मग तो बोलतच राहिला, एरवी न बोलणारा:
शिंपल्यांचा चुना, त्यात गूळ,
किती दिवस कुटायचा, किती दिवस भिजत ठेवायचा,
हाताला कसा लागला की झाला म्हणायचं.
आमच्या पुस्तकात यावर दीड ओळ आहे.
'मग काढलास कशाला?'
'समितीन सांगलें.'
पायावर आणखी एक तांब्या ओतला. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते.

मग त्याने चित्र मोठं करायला बोट ठेवलं.
सिमेंटने खाल्लेलं ते बोट, रेषाच उरल्या नाहीत,
काचेला ते कळेचना.
मी मोठं करून दिलं.
घोडा पडदाभर झाला, मग नुसताच त्याचा पाय.
'लांब न्हय तो,' बाबा म्हणाला.
'थंय वणत बाक घेताली.'
भिंतच तिथे बाकदार होती. खालून, नमस्काराला वाकलेल्या माणसाला
तो पाय अगदी बरोबर दिसायचा.

हे मिसना माहीत नाही. कुणालाच नाही.

गुरुवारी निबंध द्यायचाय. चौथी तळटीप अडली आहे.
'मौखिक माहिती: पुरसो मेस्त, गवंडी,
ही भिंत नीट पाहिलेला शेवटचा माणूस.'
शेवटचा माणूस कापलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा कापलं.
आता नाव आहे, धंदा आहे,
आणि पुढे एक स्वल्पविराम देऊन ठेवलाय.