निरंक

काल रात्रीच्या बातम्यांत कर गेला.
कचऱ्याचा, मागांवरचा जादा आकार, वरची शास्ती,
एका दमात तिन्ही.
मतदानाला एकवीस दिवस.

तीन वर्षं या साखर पेठेत
माझी स्कूटी वळली की खटखट थांबायची.
एकेक माग गप्प,
आणि मालक मागच्या दाराने
"आत्ताच बाहेर गेले".

आज नरसय्या गुंडेटी स्वतः दारात.
"या साहेब, भिऊ नका, आत या."
चहा, वर एक टॉवेल,
एका बाजूचा काठ निसटलेला.
"सेकंड माल आहे, पण घ्या.
तोंडाला पानं पुसण्यापेक्षा बरा."
कामगार हसले. मीही हसलो,
पण कोणाला म्हणाला ते नीट कळलं नाही.

चौकात फटाक्यांची लड, निम्मी ओली.
पोरं फ्लेक्स बांधत होती, जोडलेले हात, आभार, आभार,
थकबाकीदारांच्या यादीवरच,
त्याच सुतळीने.
वारा आला की आभार उचलले जायचे
आणि खालून गुंडेटी, अनुक्रमांक बारा,
रक्कम अक्षरी.

टपरीवर इरण्णा म्हणाला,
"निवडणूक दरसाल घ्या की राव,
पुढच्या खेपेला वीजबिल जाईल."
कोणी म्हणालं, माघारी दामदुपटीनं घेतील.
कोपऱ्यातला निवृत्त मास्तर बशीत चहा ओतत,
"माफी, माफी काय म्हणता?
गुन्हा कुणाचा होता?"
त्याला कोणी उत्तर दिलं नाही.
पेढे आले होते.

भूमव्वा सादूल तेवढी उठली नाही.
मांडीवर सूप, बोटं तंबाखूने पिवळी,
पानं कापत, वळत, दोरा गुंडाळत,
पंचवीस झाल्या की एक कट्टा.
मग दुधाच्या पिशवीतून पावती काढली,
मार्चमधली, पूर्ण भरलेली.
कानातली फुलं तेव्हापासून सराफाकडे.
"माझं परत कधी?"

मी म्हणालो, भरलेलं भरलं, मावशी.
परतीचा फॉर्मच नाही.
तुमच्या नावापुढे मार्चपासूनच निरंक आहे.

"निरंक म्हंजे?"
म्हंजे काही बाकी नाही.

ती जरा वेळ बघत राहिली.
"हाय की बाकी," म्हणाली.
"तुमच्याकडं."
आवाज चढवला नाही. पुढची विडी वळली.
"मग मी भरलं, ते माझं चुकलं का?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणी ओरडलं, पाणीऽऽ
पाचव्या दिवसाचं, फिसफिसत, आधी हवा, मग गढूळ.
माग थांबले, फ्लेक्सची पोरं पळाली,
पेढ्यांचा खोका पायरीवर उघडाच.
भूमव्वाने सूप बाजूला केलं,
गुडघ्यावर हात देऊन उठली,
"धरा जरा,"
आणि घागर घेऊन गेली.

गल्ली नळाकडे.
मी तिच्या दारात उभा,
खांद्यावर बिनकाठाचा टॉवेल,
हातात तिची पावती,
खाली सही माझीच.