एकतीसनंतर एक

कुमठेकर रस्त्यावरची गर्दी मी वरून बघतो,
टेम्पोच्या फाळक्याला धरून, उभ्याउभ्या.
माणसं नीट दिसत नाहीत.
दिसतात मागची चाकं, साइड स्टँड,
एकाच बाजूला मान टाकून लॉक झालेली हँडलं.

सम तारखेला ही बाजू, विषमला ती.
इथली हुशार माणसंसुद्धा
एकतीसनंतर एक आली की चुकतात.
दोन्ही विषम,
पण पाय सवयीनं बाजू बदलतात
आणि आम्ही येतो.

मुलाणीभाऊ माइकवर पुकारतो,
"सदतीस एकोणनव्वद, पांढरी ॲक्टिव्हा, गाडी काढा."
दोनदा.
तिसऱ्यांदा त्याचं तोंड उघडेपर्यंत
मी आणि बिभीषण खाली असतो,
एक पुढं, एक मागं,
हं म्हटलं की वर.

उचलल्यावर कळतं कोण काय घेऊन फिरतंय.
हुकाला मेथीची जुडी,
सीटखाली खडखडणारा रिकामा डबा,
डिकीत हळद लावलेल्या पत्रिका, अजून वाटायच्या.
एकदा बांगड्या होत्या, तुळशीबागेतल्या, काचेच्या.
ती गाडी आम्ही पोरासारखी ठेवली.

मग येतात पळत,
साडीच्या दुकानातून, बँकेतून, दाताच्या डॉक्टरकडून अर्धा जबडा बधिर,
"अहो, दोनच मिनिटं!"
सगळं शहर दोन मिनिटांसाठी आलेलं.
मीही भूमवरून आलो होतो, सहा महिन्यांसाठी.
नऊ वर्षं झाली.

परवा एक तारखेला एक बाई
शनिपारापर्यंत मागं धावली,
तुटलेली चप्पल हातात.
वाटलं, आता शिव्या.
ती म्हणाली, "गाडी न्या हो.
तेवढी पिशवी द्या."

कापडी पिशवी, तोंडाला गाठ.
वजनावरून मला सगळं कळतं,
किलो दोन किलो इकडंतिकडं.
त्या पिशवीचं नाही कळलं.
वाकून दिली. टेम्पो हलला.
ती पिशवी पोटाशी धरून मधोमध उभी,
दोन्हीकडून रिक्षा, हॉर्न, कणसाची गाडी,
आणि मग तिथं बाई नव्हतीच,
नुसती गर्दी.

"काय होतं रे?" बिभीषणनं विचारलं.
मी तंबाखू मळत राहिलो.

जनता वसाहतीत आमच्या पायऱ्यांखाली
नऊ गाड्या एकमेकींत शिंगं अडकवून उभ्या असतात.
एक काढायची तर चार हलवायच्या.
तिथं सम नाही, विषम नाही,
माइक नाही.

पहाटे साडेचारला दूधवाला वायदंडे
खालूनच ओरडतो,
"ए काळी स्प्लेंडर, गाडी काढ!"
दुसऱ्यांदा ओरडायच्या आत
मी अनवाणी खाली.
भिंतीला चिकटवून लावतो, आरसा आत दुमडून.
वायदंडे जातो. कॅन वाजत राहतात उतारभर.

आज तारीख दोन.