खरं

वडगावात आवाजाला सुट्टी नसते.
मागल्या गल्लीत इराप्पाचे चार माग,
आमच्या भिंतीला लागून कल्लाप्पाकाकाचे दोन,
सकाळी सातपासून एकच बोल,
खटाक खट, खटाक खट,
इतका जुना की आम्हाला ऐकूच येत नाही,
फक्त मोबाइलला येतो.

पहिलं गाणं रेकॉर्ड करून कान लावला
तर मी कुठंतरी लांब, विहिरीत,
आणि पुढं अख्खी साडी विणून झालेली.

गिटार खासबागेच्या रविवारच्या बाजारातली.
एक तार कमी.
'तंती इल्ल, अदक्क कम्मी,' विकणारा म्हणाला,
तार नाही म्हणूनच तर स्वस्त.
मी घेतली. नवी तार बसवेपर्यंत आठ महिने गेले,
तोवरच्या सगळ्या चालींत एक खड्डा आहे,
अजूनही तिथं आले की थांबते.

शिकवणारं कोण नव्हतं.
बोटांनीच बोटांना विचारलं.
चुकून सापडलेला बरा सूर
शिंप्याच्या खडूनं दांडीवर मांडून ठेवला,
नावंही मीच दिली:
हा ओला, हा जिन्याखालचा,
आणि हा आक्काची सोयरीक मोडली त्या दिवशीचा.
घामानं खडू पुसतो. मग परत शोधायचं.

लाइट गेली की माग थांबतात.
अख्खी गल्ली वीज कंपनीला शिव्या घालते
आणि मी वाकळांच्या कपाटात शिरते,
बॅटरी एकतीस टक्के,
मोबाइल आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीवर.
कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास,
किती वेळ जाणार ते लाइट सांगून जात नाही.
काकाचं नुकसान आणि माझं गाणं
एकाच टिचकीला सुरू होतं,
हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

आई बाहेर कांड्या भरत बसलेली.
एकदा ऐकवलं तिला, माझं आहे असं न सांगता.
म्हणाली, 'आवाज बरा हाय. खरं, ही आमच्यातली न्हवं.'
का?
'मी येते, मी जाते म्हणालीय की.
शाळेतल्या बाईंवाणी.'
आणि हात न थांबवता,
'आमच्यात कोण बाई येते म्हणती?
मी येतो. मी भाकरी करतो.
मी काय कमी हाय?'

रात्रभर वही घेऊन बसले.
दोन वर्षांची गाणी, सगळी पुस्तकातून आलेली,
प्रत्येक ओळीत इस्त्री.
जिथं तिथं पण.
आम्ही पण कुठं म्हणतो?
आम्ही खरं म्हणतो,
नाही म्हणायच्या आधी, अडखळायच्या आधी,
पैसे मागायच्या आधी तर हमखास.

मंगळवारी अडीचला लाइट गेली.
येतो मी, खरं
एवढंच घेतलं पहिल्यांदा, चार वेळा घेतलं.
पाचव्यांदा दुसरी ओळ आली आपोआप,
तिसरीच्या मध्यात लाइट.
इराप्पाचे चारी माग लागले मागल्या गल्लीत,
लांबून, भिजल्यासारखे,
आणि काय सांगू, तालात.
मी थांबलो नाही.
भिंतीपलीकडचे दोन मात्र लागलेच नाहीत.
गाणं संपलं, मी वाकळ बाजूला केली,
तेव्हा कुठं काकानं बटण दाबलं.
चहाला गेला असेल. विचारलं नाही.

आईच्या कानाला मोबाइल लावला.
बोटांत दोरा, डोळे कांडीवर,
शेवटपर्यंत ऐकलं तिनं,
त्या खड्ड्याशी मान जरा हलली.
मी वाट बघतो.

'बरं हाय,' म्हणाली.
'खरं, आधी जेव जा.'