कुरकुर

श्रावणघेवडा आधी उकळत्या मिठाच्या पाण्यात,
चारच मिनिटं, मग लगेच बर्फात.
रंग दचकून जागा राहतो.
मशरूम लोण्यावर. पाणी सुटू द्यायचं, आटू द्यायचं,
मग मैदा, दूध, मिरी,
जायफळ वासापुरतं.
रोलंडला जायफळ आवडत नाही.
मी घालते. त्याला कळत नाही. किंवा कळतं.

कांदा मात्र वेगळा.
चार मोठे कांदे, पलीकडचं दिसेल इतके पातळ कापून,
ताकात बुडवून, पिठात घोळवून, तळून,
बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात.
तो डबा भांड्याला खेटून ठेवायचा नाही.
भांड्यात वाफ असते,
आणि वाफेला कुरकुरीत काही बघवत नाही.

फार्गो ते टू हार्बर्स, अडीचशे मैलांच्या वर.
मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं,
पुढे माझ्या शेजारी, पट्टा लावून, डबा.
ब्रेनर्डला पेट्रोल भरलं.
काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, सणाला कुणाकडे?
वडिलांकडे, म्हटलं, पावती घेतली,
आणि गाडीत बसल्यावर तो शब्द पुन्हा मोजला,
सुटे पैसे मोजावेत तसा.

वडील नाहीत.
सावत्र होते, मी नऊ वर्षांची असल्यापासून.
मग आई ॲरिझोनाला गेली, एका दातांच्या डॉक्टरबरोबर,
आणि कागदावर आमच्यात काहीच उरलं नाही.
त्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला.
म्हणाला, टर्की बारा पौंडांची आहे. एकट्याला जरा जास्त होते.
एवढंच.
त्याला अकरा वर्षं झाली.

आई कधी कुरकुरली नाही.
चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता बायका कौतुकानं सांगत,
जेनेलकडे बघा, कशाबद्दल म्हणून कुरकुर नाही.
ती कांदा तासभर आधीच पसरायची,
वरून फॉइल, कडा अंगठ्यानं दाबून घट्ट.
टेबलावर यायचा तेव्हा तो
अंगणात भिजत पडलेल्या वर्तमानपत्रासारखा.
रोलंड म्हणायचा, छान झालंय.
मी म्हणायचे, छान झालंय.
तिघंही ताटात बघून जेवायचो.
आवाज काय तो काट्यांचा.

गेली तेव्हाही दार तिनं हळूच लावलं.

पोचले तेव्हा अंधार पडलेला.
सरोवर दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.
रोलंड पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकत होता.
मला बघितलं आणि सुरू झाला:
उशीर केलास. टर्की वाळली. गुडघा धड वाकत नाही.
तुझ्या डाव्या चाकात हवा नाही, बघत का नाहीस?
मी कोट काढता काढता:
आणि तू फोन उचलत जा, दोनदा केला.
आणि घर केवढं तापवून ठेवलंयस, गुदमरायला होतं.
असं अर्धा तास.
मध्ये भांडं ओव्हनमध्ये गेलं, कडांना बुडबुडे आले,
कुणी बोलायचं थांबलं नाही.

मग डबा उघडला.
कांदा फक्त शेवटची पाच मिनिटं. आधी नाही.
तो घड्याळ घेऊन ओव्हनसमोर उभा,
पाय फाकवून,
लोखंडाच्या खनिजानं भरलेल्या बोटीवर
तीस वर्षं उभा राहिला तसा.

बसलो. त्यानं प्रार्थना पुटपुटली, शेवट नेहमीसारखा गिळला.
पहिला घास.
त्याच्या जबड्यातून कुर्रकन आवाज आला,
टेबलापलीकडे मला ऐकू आला.
चावायचा थांबला.
"यात जायफळ आहे."
"आहे."
"दरवर्षी घालतेस."
"दरवर्षी."

त्यानं ताट पुढे केलं.
म्हणाला, तिकडचं वाढ, कोपऱ्यातलं,
जिथे जरा करपलंय.