चौथं पाऊल

सात आठवडे खिंडीच्या तोंडाशी पडून होतो.
दगडाच्या रंगाची ताडपत्री, तिच्याखाली मी
आणि आंगदुई, जो दर पहाटे विचारायचा,
बोटं हलतात का?
मी हलवून दाखवायचो.
एवढंच आमचं दिवसभराचं बोलणं.

एकोणपन्नासाव्या दिवशी ती आली.
हिमबिबट्याची मादी. त्रेचाळीस सेकंद.
कड्यावरून उतरली, बर्फाचा पट्टा ओलांडला,
मध्येच आमच्याकडे पाहिलं
रिकाम्या खुर्चीकडे पाहावं तसं,
आणि गेली.

कॅमेऱ्यानं सगळं घेतलं.
आवाजाच्या यंत्राची बॅटरी
रात्रीच गारठून मेली होती.

म्हणून आता मी आगरवाड्यात,
समुद्रसपाटीला,
खरं तर भरतीच्या रेषेहून वीतभर खालीच,
मिठागराच्या बांधावर लॅपटॉप मांडून
त्रेचाळीस मुक्या सेकंदांना पाय शोधतो आहे.

मिठावर चाललं की बर्फावर चालल्यासारखं ऐकू येतं.
आमच्या धंद्यातली जुनी लबाडी.
माझ्या आजोळात तिचा कच्चा माल
राशीनं पडलेला असतो, झावळ्यांखाली झाकून.

न्हानूनं विचारलं, बरफ कशें आसता?
म्हटलं, मिठासारखं.
तो दाताळ्यावर रेलून हसला:
मागीर इतलें पयस कित्याक गेल्लो?

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

रात्री तीनला सुरुवात केली.
मानशीचं दार लावून घेतलं, पाणी बोलू नये म्हणून.
शापोऱ्यात एक मासा उसळला. पुन्हा.
शिवोलीच्या पुलावरून कुणीतरी बुलेट नेली. पुन्हा.
न्हानू अनवाणी राशीवर उभा,
चाळीस वर्षं खाऱ्यात भिजलेले पाय,
टाचांना सुकलेल्या खाजणासारख्या भेगा,
आणि चालायच्या आधी त्याचे प्रश्न:

वजन किती तिचं?
उपाशी होती की जेवून निघाली होती?
पोटात पिल्लू होतं?

मला लेन्सचा नंबर माहीत होता.
उजेड किती वाजता कड्यावरून खाली सरकतो ते माहीत होतं.
मी म्हटलं, तू आपला सावकाश चाल.

नाही चालला. आधी दाखव म्हणाला.
बांधावर उकिडवा बसून पाहिलं,
पुन्हा लाव, परत एकदा लाव,
आणि मग पडद्यावर बोट ठेवलं
(तिथं मिठाचा डाग अजून आहे):
हिचो फाटलो दावो पांय दुखता.

दोनशे वेळा पाहिलं होतं मी ते.
रंग सारखे केले होते, एक झटका कापला होता,
ती वळते तिथं एक रात्रभर अडून बसलो होतो.
आता वेग कमी केला,
आणि होतं ते.
चौथं पाऊल
टेकतं न टेकतं तोच उचललेलं.

आंगदुईला दिसलं असेल का?
तो त्या दिवशी ती गेल्यावर काहीतरी म्हणाला होता,
वाऱ्यात मला ऐकू आलं नाही,
आणि मी आनंदात होतो, विचारलं नाही.

न्हानूनं पंचाची धांदोटी फाडून
आपल्या डाव्या टाचेला गुंडाळली.
तीन पावलं भरीव.
चौथं उसनं घेतल्यासारखं.
हेडफोनमध्ये ती पहिल्यांदा माझ्या मागून गेली.
मानेवर काटा आला, एप्रिलच्या त्या उकाड्यात.

फिल्म आता कुठंकुठं दाखवतात.
लोक म्हणतात, थंडी अंगाला लागते.
मी मान डोलावतो.

उरलेलं मीठ पिशवीत बांधून दिलं त्यानं.
ओट्यावर बरणीत आहे.
सकाळी पेजेत टाकायला चिमूट घेतो,
बोटांत ते करकरतं, तीनदा,
आणि मी चौथ्यासाठी थांबतो.