मुठीखालचा आकडा

बफेलोत, तळघरातल्या दिव्याखाली
ऑरिन स्लेझाक लाकडी मूठ सोडवतो.
आत वाळलेलं तेल,
पोलादावर ठोकलेला आकडा: ३१८.
आठ तिरका. ठोकणारा घाईत असावा.

खात्याची वही सांगते:
१९३४, शिपाई डेल्बर्ट क्विग. खोडलेलं.
खाली दुसरं नाव,
त्याखाली ओल लागून पसरलेली शाई.

क्विगची नव्वदीतली मुलगी फोनवर हसते.
"झाडलं? छे!
बाबा त्याच्या मुठीनं अक्रोड फोडायचे
नाताळात, आई ओरडेपर्यंत."

ऑरिन भिंग पुन्हा उचलतो.
मुठीच्या कडेला सात-आठ टवके.
त्यांच्यापुढे त्यानं केव्हाच
'झटापट' लिहून ठेवलंय,
शाईनं.